तात्यांचं दुसरं सॅम्पल

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर रसायनीच्या कारखान्यातल्या आमच्या तात्यांचे. तात्या लोधिवलीचे, बारावी नापास. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तरी लॅबचं काम मला त्यांनीच शिकवलं. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय ते सॅम्पल हातात घेत नसत. आणि काम करताना सतत शीळ घालत.

पहिल्याच महिन्यात एका बॅचचा रिपोर्ट खराब आला. मी ती रद्द करायला निघालो, तशी शीळ थांबली.

"एका सॅम्पलवर बॅच फेकायची नाय रं. पुन्ना घे."

दुसऱ्यांदा बॅच पास झाली. पहिली बाटली मीच नीट धुतली नव्हती. तात्यांनी हे साहेबांना सांगितलं नाही. मला मात्र तेव्हापासून "बाटलीवाले" अशी हाक सुरू झाली.

पंचावन्नी ओलांडल्यावर त्यांची शीळ बंद झाली. ते खुर्चीत पेंगायचे, उगाच खेकसायचे. पोट सुटलं. तुमच्याही कामावर असं कोणी असेल. वय झालं म्हणतो आपण, आणि पुढे जातो. मीही तेच केलं.

एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं आणि कोटाच्या खिशातून दोन कागद काढले. एक रक्ताचा रिपोर्ट. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं हार्मोन, फार कमी. दुसरा राजीनामा. एका जिमवाल्याने सुचवलेली इंजेक्शनं ते सोमवारपासून घेणार होते.

"मी संपलो रं. घरी बोलू नको."

सवयीने मी रिपोर्टवरची रक्त दिल्याची वेळ पाहिली. दुपारचे दोन.

"तात्या, नाइट शिफ्ट करून गेलात?"

"परस्पर गेलो. रांगेत दोन वाजले. झोपलो कुटं?"

"आणि दुसरं सॅम्पल?"

तात्या मिशीत हसले. "बाटलीवाले, माझाच धडा मला?"

चौक गावच्या डॉक्टरांनी समजावलं, हे हार्मोन सकाळी जास्त असतं, दुपारी उतरतं; जागरणानेही घटतं. आठवडाभर नीट झोपून तात्यांनी सकाळी आठला पुन्हा रक्त दिलं. आकडा मर्यादेत आला, जरा खालच्या अंगाला. वयाबरोबर थोडं उतरतंच, म्हणाले डॉक्टर. इंजेक्शन नको, झोप सुधारा, वजन उतरवा. साखर मात्र वाढलेली निघाली, तिची गोळी सुरू झाली.

राजीनामा तात्यांनी दिलाच नाही; त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी मला एका बॅचचा हिशेब सोडवून दाखवला. घरी बोलू नको म्हणणाऱ्या या माणसाने पुढे सगळ्या कॅन्टीनला ही हकिगत सांगितली. मग पन्नाशीचे गडी एकेक करून लॅबच्या दाराशी येऊ लागले. तात्या आधी विचारायचे, "किती वाजता दिलंस?" आणि मग, "डॉक्टरला इचारल्याबिगर सुई नाय." शीळ पुन्हा सुरू झाली होती.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. फोनवर ते फक्त बोलतात, ऐकत नाहीत. म्हणून परवा पत्र पाठवलं:

"रविवार, सकाळी नऊ.

ती. तात्यांस नमस्कार. आमचे बाबा वर्षभर गप्प गप्प असतात, लवकर थकतात. तुमची गोष्ट सांगितली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरकडे आले. काल सकाळी आठला रक्त दिलं. येताना मला म्हणाले, रिपोर्ट कसाबी येऊ दे, दुसऱ्यांदा बी येईन. पन त्या मानसाला एकदा घरी जेवायला आन. तर पुढच्या रविवारी या. आई भाकऱ्या करणार आहे. गल्लीत शिरलात की शीळ घाला, बाबा ओट्यावरच बसलेले असतील.

तुमचा,
बाटलीवाला"