दसऱ्याला धुतलेला कॉम्प्युटर

माझा कॉम्प्युटर आबांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुतला. हे सांगितलं की लोक आधी हसतात, आणि हसावं अशीच गोष्ट आहे ती. मला मात्र ते अजून नीट जमलेलं नाही.

आबा म्हणजे माझे वडील. बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, आबा काळी पडलेली तार उपसून नवी भरायचे. दसऱ्याला आमच्याकडं गाड्या, ट्रॅक्टर, यंत्रं सगळं धुऊन निघतं. आम्ही बौद्ध, आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून दुकानात हळदकुंकू आणि नारळ बंद. पण धुणं आबांनी सोडलं नव्हतं. "पूजा न्हाय, पर वरीसभर राबतंय त्याला आंघोळ तरी घालावी," म्हणायचे. दुकान लख्ख करायचे आणि दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचे.

त्या वर्षी आईला जाऊन चार महिने झाले होते. मी इंदापूरला ऑफिसात होतो. आबांनी माझा कॉम्प्युटर दुकानात नेला, उघडला, ओल्या फडक्यानं पुसला आणि मोटारी झाडतात तसा कंप्रेसरच्या हवेनं झाडला. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते हवेबरोबर आत गेलं. मग दोन तास उन्हात ठेवून त्यांनी तो चालू करून बघितला. जळका वास आला तेव्हा प्लग त्यांनीच ओढला.

त्यातल्या हार्ड डिस्कवर आईचा आवाज होता. विहारात वंदना तीच सांगायची, म्हणून एका रविवारी मी तिला दुकानामागच्या आमच्या खोलीत बसवून सगळी वंदना रेकॉर्ड केली होती. मध्ये मध्ये तिचं बोलणंही आलं होतं. दुसरी प्रत नव्हती. कॉम्प्युटरची एवढी हौस असणाऱ्या माणसानं दुसरी प्रत करून ठेवली नाही, हा गुन्हा माझाच. पण त्या संध्याकाळी मी आबांनाच म्हणालो, "तुम्हाला काय कळतंय यातलं? आईला दुसऱ्यांदा मारलंत तुम्ही."

आबा खाली बसून कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढत राहिले.

माझी चूक मला दुसऱ्याच दिवशी कळली. पण माफी मागायची ती डिस्क चालू करूनच, असं मी मनाशी ठरवलं. रिकाम्या हातानं माफी मागायची लाज वाटत होती, दुसरं काय.

पुण्यातल्या एका दुकानात दाखवली. डिस्क ठेवून जा, सांगू नंतर, म्हणाले. आईला असं काउंटरवर ठेवून यायला मन होईना. मी ती रुमालात गुंडाळून परत आणली आणि स्वतः शिकायला बसलो.

तोवर माझं ज्ञान म्हणजे रॅम बदलणं, विंडोज टाकणं आणि शेजारीपाजारी फुशारकी मारणं. आत काय चालतं याचा पत्ता नव्हता. इंदापूरच्या एसटीत रोज जाता-येता पुस्तक उघडायचो. ट्रान्झिस्टर कळला. अशा ट्रान्झिस्टरांचं बेरीज करणारं सर्किट मी घरी जोडलं, दिवे बरोबर लागले. मग गाडी अडली ती मेमरीवर. बटणावरून बोट काढल्यावरही सर्किटला दाबलेलं लक्षात राहतं, ते कसं? महिनाभर डोकं आपटलं.

एकदा दुकानात तीच आकृती घेऊन बसलो होतो. आबा मागून वाकून बघत होते. त्या दसऱ्यापासून ते माझ्या वस्तूंना हात लावत नसत. त्यांनी भिंतीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं आणि सोडलं. मोटर फिरतच राहिली.

"बटन सोडलं, तरी चालतीय का न्हाय? आतली पट्टी ओढली गेली की तीच सोताला धरून ठिवती. लाल दाबस्तोवर इसरत न्हाय. आमी हिला होल्डिंग म्हंतो."

पुस्तकातली आकृती तीच होती. यातलं तुम्हाला काय कळतंय, असं मी ज्यांना विचारलं होतं, त्यांनी दोन वाक्यांत मला मेमरी शिकवली. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी वहीत मान घालून टिपण करत बसलो.

पुढं त्याच मॉडेलची जुनी डिस्क भंगारात मिळाली. तिच्या पाठीवरचं सर्किटचं कार्ड काढून आमच्या डिस्कच्या जळालेल्या कार्डाच्या जागी लावलं. डिस्क फिरायला लागली, पण आतून टकटक आवाज येऊ लागला. आबांनी लांब स्क्रू ड्रायव्हर आणला. मोटारीचं बेअरिंग तपासायची त्यांची हीच रीत: टोक मोटारीवर ठेवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. डिस्कवर टोक टेकवून त्यांनी डोळे मिटले.

"फिरतंय बराबर. पर वाट घावंना त्येला."

अगदी तेच होतं. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं कारखान्यातच काढलेली असतात आणि कार्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये ठेवलेली असतात. दुसऱ्याचं कार्ड लावलं तर दुसऱ्याची मापं येतात. जळालेल्या कार्डावरची आठ पायांची ती चिप काढून नव्यावर बसवायची होती. चिप तांदळाच्या दोन दाण्यांएवढी, आणि ती तापून गेली तर सगळंच गेलं. मेलेल्या कार्डांवर मी हात बसवू लागलो. बदली झाली, घर बदललं, अधूनमधून कंटाळून मी ते सामान माळ्यावरही टाकलं. या सगळ्यात सहा-सात वर्षं गेली.

आणि त्याच काळात आबांचे कान गेले. जन्मभर मोटारींत बसलेला माणूस. कानाला लावायचं यंत्र आणलं, तर त्यातून नुसती शिट्टी यायची. हळूहळू आम्ही हातवाऱ्यांवर आलो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी चिप बसली. टकटक थांबली. स्क्रीनवर आईच्या नावाचा फोल्डर आला. मी आबांना ओढत आणून खुर्चीत बसवलं आणि स्क्रीन दाखवली. त्यांना कळलं. उठून त्यांनी तोच स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक स्पीकरच्या खोक्यावर ठेवलं, मूठ कानामागं लावली आणि डोळे मिटून मान हलवायला लागले.

"व्हय," म्हणाले. "तिचाच आवाज हाय."

मी अजून काहीच लावलं नव्हतं.

मग लावलं. आई म्हणाली, "अहो, ती मोटर बंद करा जरा, रेकॉर्ड करतोय हा." मोटर थांबल्याचं ऐकू आलं आणि तिनं वंदना सुरू केली. मी एकटा ऐकत होतो. आबा मान हलवत होते, माझ्यासाठी.

वंदना संपल्यावर मी त्यांचा गुडघा धरला आणि मोठ्यानं म्हणालो, "आबा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. स्क्रू ड्रायव्हर कानामागं तसाच धरून त्यांनी मान हलवली.

"व्हय व्हय," म्हणाले. "तिचाच हाय."