बाबांची दुर्बीण, आईचा देवगिरी

बाबा गेल्यावर आईनं एकच मागितलं, "त्यांच्या दुर्बिणीतून एकदा देवगिरी बघायचाय." व्हिक्टोरिया राणीच्या काळातली ती तीन नळ्यांची पितळी दुर्बीण बाबांनी संभाजीनगरात नोकरीला असताना जुन्या बाजारात घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी ती चिंच-मिठानं घासून लख्ख केली. दिवाळीची भांडी घासणारे हात, दुसरं काय!

नाशिकहून सकाळची एसटी धरा. येवला, वैजापूर करत दुपारी संभाजीनगरला पोहोचता. भिंगाला बुरशी होती, म्हणून आधी शहागंजात चष्मे-दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी नळी उजेडात फिरवून पाहिली.

"चिंचेनं घासली ना? भांडं नाय हे, बाई. इथं काळी रेघ व्हती, जरासा रंग राहिलाय बघा. नळी रेघेपर्यंत ओढली की ज्यानं खूण केली त्याला साफ दिसणार. त्याच्या नजरेचा नंबरच समजा."

मी तो मळ समजले होते. बाबा दुर्बीण लावून आईच्या हातात द्यायचे, ते त्याच रेघेवर. आई इतकंच म्हणाली, "असू दे." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. चाचांनी भिंग पुसून दिलं. तुम्ही गेलात तर तिथला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा, जरूर खा. मला त्या दिवशी घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर निघालो. ऊन चढलं की लांबचं धुरकट होतं. रिक्षा अर्ध्या दिवसाची ठरवून घ्या, आणि खुलताबादच्या घाटात किल्ला समोर दिसतो तिथं थांबा. बाबा तिथंच थांबायचे.

"लावून देऊ?" मी विचारलं. आईनं मानेनंच नको म्हटलं. स्वतःच नळी ओढत, ढकलत राहिली. कधीतरी हात थांबले, पण दुर्बीण डोळ्यावरून खाली येईना.

"मावशी, लई वेळ झाला. दिसलं का नाय?" रिक्षावाला म्हणाला.

"दिसलं," आई म्हणाली. मला ते खरं वाटलं नाही.

त्याच रात्री घरी परतलो. दुसऱ्या दिवशी मी रडत तिची माफी मागितली. ती दुर्बीण मऊ कापडात गुंडाळत होती.

"अगं, त्या रेघेवर मला कधीच नीट दिसलं नाही. सगळं धूसर. ते इतक्या हौसेनं लावून द्यायचे, मग मी आपली 'दिसलं' म्हणायचे."

गाठ मारताना तिचे हात थांबले.

"काल किल्ल्याच्या माथ्यावरच्या बारादरीच्या कमानी मोजता आल्या. आणि सांगायला ते नव्हते."