एक बेदाणा

कुत्र्याचं पिल्लू घरी आल्यावर आम्ही वायरी उचलल्या, फिनेल वर ठेवलं, गॅलरीला जाळी लावली. तरीही काल घोटाळा झालाच. मी त्याच्यासाठी भोपळा घातलेली नाचणीची बिस्किटं थापत होते. शेजारी सासूबाई शिरा करत होत्या. त्यांच्या हातून एक बेदाणा निसटला आणि पिल्लानं तो तोंडात पकडला.

"आई, बेदाणा! कुत्र्यांना विषारी असतो तो!" मी ओरडले.

आजवर पिल्लाला हातही न लावलेल्या सासूबाई झटकन खाली बसल्या आणि त्याच्या जबड्यात बोट घालून त्यांनी बेदाणा बाहेर काढला.

लहान जीव घरात आला, की रोजच्या स्वयंपाकघराचीही धास्ती वाटू लागते.

सासूबाईंच्या बोटातून रक्त येत होतं. "आधी नळाखाली धरा," मी म्हटलं.

"थांब गं. आणखी एखादा गिळला नाही ना त्यानं? नीट बघ."