सेव्हेरनं कापलेली तार

लुपेनी या खाणींच्या गावात, सात नंबरच्या इमारतीखाली सेव्हेरचं गॅरेज होतं. मोटार त्यात कधी उभी राहिली नाही. भिंतीला आठ-दहा जुन्या बास गिटारी टांगलेल्या, खाली अ‍ॅम्प्लिफायर एकावर एक रचलेले, आणि मधे एक स्टूल, तेही लंगडं. खोऱ्यातल्या खाणी बंद पडल्या तशी लग्नांत वाजवणारी मंडळी पांगली. कुणी इटलीला गेलं, कुणी स्पेनला, कुणी डोंगरावरच्या दफनभूमीत. इटलीला जाणारा जाताना गिटार विकायचा, आणि दफनभूमीत गेलेल्याची बायको विकायची. दोन्हीकडचा माल सेव्हेरकडेच यायचा.

तरुणपणी तो स्वतः बास वाजवायचा. मग खाणीतल्या कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यानं त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं ओढून नेली. तेव्हापासून वाजवणं गेलं, पारखणं राहिलं. गिटार हातात आली की एक डोळा मिटून दांड्यावरून अशी नजर टाकायचा, जशी शिकारी बंदुकीवरून टाकतो. अ‍ॅम्पच्या पाठीला नाक लावून जळका वास येतो का बघायचा. माल विकत घ्यायचा असेल तर सुस्कारा सोडायचा, "दांडा वाकलाय हो बाई, याला कोण विचारणार?" आणि तोच दांडा विकताना म्हणायचा, "बघा, ओळंबा लावल्यासारखा सरळ!" लोकांना हे ठाऊक होतं. तरी त्याच्याकडेच यायचे, कारण दुसरं होतं कोण?

गाव्रिल त्याचा जुना सोबती. एका पाळीत खाणीत उतरलेले, एका बँडमध्ये वाजवलेले. सेव्हेरची बोटं गेल्यावर त्याची जागा गाव्रिलनंच घेतली होती, आणि त्याबद्दल दोघंही कधी बोलले नव्हते. त्या वसंतात गाव्रिल अ‍ॅम्प घ्यायला आला. गॅरेजमध्ये दोन होते. एक नवा, हलका, आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. दुसरा जुना चेक बनावटीचा, उचलताना कंबर मोडावी इतका जड. पण त्यातून बास असा यायचा की पोटात हलायचं. खोट एकच होती. चालू केला की तो मधमाश्यांच्या पेटीसारखा घूं घूं करायचा.

"आवाज हवा तर हा," गाव्रिल म्हणाला. "पण ही घूं घूं? नवरीच्या बापाला वाटेल मीच घोरतोय."

"उद्या ये," सेव्हेर म्हणाला. "साफ करून ठेवतो."

साफ काय करायचं होतं! त्यानं मागची फळी उघडली आणि अर्थिंगची हिरवी-पिवळी तार चिमट्यानं तोडली. घूं घूं तिथल्या तिथं बंद. विजेचं काम जाणणारा माणूस असं करत नाही. ती तार असते माणसाला वाचवायला, वीज चुकून पत्र्यावर आली तर जमिनीत न्यायला. पण जुन्या अ‍ॅम्पांच्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक, आणि सेव्हेरनं ती पुष्कळदा केली होती. कुणाला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाव्रिलनं अ‍ॅम्प वाजवून बघितला आणि सेव्हेरच्या गालाचा मुका घेतला. "तीन बोटांचा जादूगार आहेस लेका!"

सप्टेंबरात उरिकानीला एका लग्नात मांडव पावसानं गळत होता. गाव्रिल ओल्या फळ्यांवर उभा, गळ्यात बास. गाण्याची ओळ उचलायला त्यानं तोंड माइकला लावलं आणि तो तसाच उभा राहिला. दोन क्षण लोकांना वाटलं, गंमत करतोय. मग तो आडवा पडला. डॉक्टरनं कागदावर हृदय लिहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा खाणकामगार, छातीत कोळशाची धूळ. डॉक्टरला दुसरं काय सुचणार?

सेव्हेरला मात्र ऐकल्याक्षणी कळलं. माइकला तोंड लावलं, इतकंच कुणीतरी सांगितलं, आणि त्याला विजेची वाट दिसली: अ‍ॅम्पच्या पत्र्यावरून गिटारीच्या तारांत, तिथून हातात, आणि तोंडावाटे माइकच्या लोखंडात.

आठवड्याभरानं तो चार जिने चढून लुक्रेत्सियाकडे गेला. गाव्रिलची बायको ती. अ‍ॅम्प तिच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलेला होता, त्यावर विणलेला रुमाल.

"वहिनी, तो अ‍ॅम्प मी परत घेतो," तो म्हणाला. "नऊशे लेई देतो."

"सहाशेला विकला होतास."

"हो."

लुक्रेत्सियानं चष्मा कपाळावर सरकवला. "सेव्हेर, माझ्या भावाची गिटार घेताना तू पेटीचे सुद्धा पैसे कापलेस. आज ताप आलाय का तुला?"

"मैत्रीखातर, वहिनी."

"मग मैत्रीखातर ऐक. तो विकायचा नाही. चाळिसाव्या दिवशी गिटार आणि अ‍ॅम्प दोन्ही लाझारला पोमाना देणार आहे. त्याच्या जागी आता तोच वाजवतो. इथं जे वाजेल ते तिकडे माझ्या माणसाला मिळेल."

मेलेल्याच्या नावानं दिलेली वस्तू घेणारा जशी वापरतो, तशी ती पलीकडे मेलेल्याला मिळते. त्याची शाल कुणी पांघरली तर त्याला तिकडे ऊब. असं सगळं खोरं मानतं, डॉक्टरसुद्धा.

"निदान अर्धा तास द्या," सेव्हेर म्हणाला. "उघडून बघतो. धूळ काढतो."

"हात लावायचा नाही. त्यानं बटणं जिथं ठेवली तिथंच राहतील."

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य चार जिने उतरेपर्यंत त्याच्या जिभेवर होतं, आणि खाली येऊन त्यानं ते गिळलं. नंतर महिनाभर तो रोज गिळत राहिला. एकदा लाझार बाजारात भेटला, तेव्हा म्हणाला, "तो अ‍ॅम्प घेऊ नकोस, आवाज बसलाय त्याचा." लाझार हसला. "सेव्हेरकाका, तुम्ही नावं ठेवताय म्हणजे माल चांगला असणार. स्वतःला हवाय ना?"

चाळिसावा दिवस उजाडला. चर्चमधून लोक घरी आले. कोबीच्या पानातले सार्माले, साखर पेरलेला गव्हाचा कोलिवा, त्सुइका या घरगुती दारूचे पेले. जेवणं झाल्यावर लुक्रेत्सियानं खिडकीखालचा रुमाल काढला, अ‍ॅम्पवर मेणबत्ती चिकटवून लावली. लाझार शेजारी स्टुलावर बसला, गिटार मांडीवर, पाठ भिंतीतल्या गरम पाण्याच्या लोखंडी हीटरला टेकलेली. कुणीतरी वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचली.

सेव्हेरनं तो हीटर बघितला. नळ, लोखंड, सगळं थेट जमिनीत जाणारं.

"हे गाव्रिलच्या आत्म्यासाठी," लुक्रेत्सिया म्हणाली, आणि लाझारनं चालूच्या बटणाकडे हात नेला.

सेव्हेर माणसं ढकलत पुढे घुसला. त्यानं भिंतीतून वायर उपटली, अ‍ॅम्पला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओरडला, "बोगदाप्रोस्ते!"

घेणाऱ्यानं म्हणायचा तो शब्द. तो उच्चारला की वस्तू त्याची झाली, परत घेता येत नाही. मेणबत्ती पडून विझली.

"लाज आहे का?" गाव्रिलची बहीण किंचाळली. "मेलेल्याच्या ताटातलं ओढतोय!"

"गिधाड!" मागून कुणी म्हणालं. "गॅरेजात अजून जागा आहे वाटतं."

लुक्रेत्सिया ओरडली नाही. तो शब्द म्हणजे 'देव त्याला माफ करो'. ती सेव्हेरच्या अगदी जवळ आली.

"कुणाला माफ करो म्हणालास, सेव्हेर?"

सेव्हेर अ‍ॅम्पकडे बघतच म्हणाला, "यातली तार मी तोडलीय. अर्थिंगची. घूं घूं थांबवायला. त्याला हृदयानं नाही नेलं, वहिनी."

लाझार हीटरपासून हळूच दूर सरकला. लुक्रेत्सिया खुर्चीवर बसली.

"सहाशे लेई," ती म्हणाली. "आणि त्यानं तुझा मुका घेतला होता. घरी येऊन मला सांगत होता." मग तिनं हात वर केला, जणू माशी हाकलतेय. "शब्द बोललास. आता तो तुझा. ने."

पोलिसांत कुणी गेलं नाही. डॉक्टरचा कागद होता, आणि खोऱ्यात लोकांनी याहून मोठ्या गोष्टी कागदाखाली गाडलेल्या पाहिल्यात. सेव्हेरनं अ‍ॅम्प एकट्यानं चार जिने खाली आणला, प्रत्येक वळणावर टेकवत. दारं उघडत होती आणि मिटत होती.

पोमानाची वस्तू विकता येत नाही, टाकताही येत नाही. गॅरेजात त्यानं फळी उघडली, तार जोडली, चिकटपट्टी गुंडाळली. पाच मिनिटांचं काम. मग तो बसून आठवू लागला, ही युक्ती आणखी कुठे कुठे केली ते.

सोमवारी त्यानं पिशवीत चिमटा आणि पेचकस घेतला आणि बस पकडली. पेट्रिला, वुल्कान, उरिकानी. दारावर टकटक करून तो सरळ सांगायचा, "मी तुम्हाला विकलेला अ‍ॅम्प धोक्याचा आहे, मीच केलाय." काहींनी आत घेतलं, एकानं जिन्यावरून ढकललं. वसंतापर्यंत अकरा सापडले. बाकीचे विकले गेले होते, पुन्हा विकले गेले होते, एक तर पार स्पेनला पोचला होता. त्यांचे मालक कोण, कुठल्या ओल्या मांडवात उभे आहेत, हे त्याला विचारूनही कळलं नाही. तो वर्षानुवर्षं विचारतच राहिला.