काचेला कुंकू

खंडेनवमीला आमच्या घरात हत्यारं पुजतात. नांगर, वखर गावाकडं राहिले. शहरात विळी, पाटा, मुलाचा पान्ह्यांचा डबा, शिलाई मशीन आणि स्कूटर एवढंच पुजायला उरलं. गेल्या वर्षी त्यात नातीचा कॅमेरा आला. ती लग्नाकार्याचे फोटो काढायला लागली होती.

चौरंगावर कॅमेरा ठेवून ती आंघोळीला गेली. जाताना सांगून गेली की कुंकू कॅमेऱ्याच्या पिशवीला लाव. मला ते पटलं नाही. फोटो काय पिशवी काढते? कुंकू माणसाच्या कपाळाला लावतात, पाठीला लावत नाहीत. मी झाकण काढलं. समोर मोठी गोल काच होती, म्हणजे तेच त्याचं तोंड. आधी हळदीचं बोट लावलं, मग कुंकवाचं. मग वाटलं, पोरगी ओरडेल. पदराच्या टोकानं पुसून टाकलं. त्याच पदरानं मी सकाळी डोक्याचं तेलही टिपलं होतं. काच स्वच्छ दिसत होती. झाकण बसवलं आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला करमाडला साखरपुडा होता. ते काम मीच मिळवून दिलं होतं. नवरीची आजी माझ्या माहेरची, लहानपणापासूनची मैत्रीण. पोरीचं काम बघा, असा शब्द मी टाकला होता. साखरपुडा चांगला झाला तर लग्नही नातीलाच मिळणार होतं. तिचं ते पहिलं मोठं लग्न झालं असतं.

फोटो आले ते दुधातून काढल्यासारखे. दिव्यांभोवती धुरकट कडी, नवरीच्या माळेचा मणी न् मणी एकात एक मिसळलेला. नात दिवसभर ते फोटो मोठे करून बघत बसली.

मग तिनं शोध घ्यायला सुरुवात केली आणि मला गच्चीवर खुर्चीत बसवलं. रोज दुपारी मी बसायची. कधी ती कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर लावायची, कधी माझ्या डोळ्यावर नेम धरून म्हणायची की पापणी हलवू नको. एकदा म्हणाली, आतलं भोक लहान करून बघते. मी विचारलं, त्यानं काय होतं? तर म्हणाली, सुईत दोरा ओवताना तू डोळे बारीक करतेस ना, तसं. हे मला कळलं. भोक लहान केलं की उजेड कमी येतो, म्हणून कॅमेऱ्याच्या आतली झाप, ती शटर म्हणते ती, जास्त वेळ उघडी राहते, आणि तेवढ्यात हात हलला की फोटो गेला. हेही कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. कारण तेवढ्यावर मी शहाणी झाले.

मी म्हणाले, "तुझा हात थरथरतो. पोटात अन्न नाय, दिवसभर नुसता चहा."

"स्टँडवर हाय, आज्जी. मी हात लावलाच नाय."

मी ऐकलं नाही.

दिवाळीनंतर करमाडची माणसं लग्नाचं ठरवायला आमच्याकडं आली. मैत्रीण, तिची सून आणि नवरदेवाची एक आत्या. आत्याबाईनं साखरपुड्याच्या फोटोंचा विषय काढला आणि विचारलं, हिला काम कुणी सांगितलं होतं? सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला माझा शब्द वाचवायचा होता. मी म्हणाले, "पोरीचा हातच थरथरतो. तिला अजून जमत नाय."

नात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कपबशा वाजल्या. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. माझं म्हणणं खरं ठरलं.

ती माणसं गेल्यावर नातीनं कॅमेऱ्याची मोठी लेन्स काढून जुनी लहान लावली आणि मला पुन्हा खुर्चीत बसवलं. त्या फोटोत माझ्या हनुवटीवरचा केस न् केस दिसत होता. कॅमेरा तोच, स्टँड तोच, थोबाडही तेच. मग तिनं मोठी लेन्स खिडकीपाशी तिरकी धरली. सरळ बघितलं तर काच स्वच्छ. तिरक्या उजेडात मात्र पिवळट फराटा दिसत होता, आणि त्यात बोटाच्या रेघा.

"आज्जी, ही हळद हाय का?"

"व्हय," मी म्हणाले.

तिनं औषध टाकून मऊ फडक्यानं काच पुसली. पूर्वी त्या काचेपुढं आणखी एक साधी काच असायची. साध्या काचेनं फोटो मऊ, जरा पुसट येतो म्हणून तिनंच ती उन्हाळ्यात काढून ठेवली होती. ती असती तर माझं बोट तिच्यावरच थांबलं असतं. हे तिनंच मला सांगितलं, जणू चूक तिची होती. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते, ते मला जमतं.

मी जीपनं करमाडला गेले. मैत्रीण अंगणात शेंगा फोडत होती. तिला सगळं सांगितलं. ती हसली, पण उशीर झाला होता. नवऱ्याकडच्यांनी जालन्याचा फोटोवाला ठरवून टाकला होता.

ती म्हणाली, "बोललीस त्यांच्यासमोर, अन् सांगतीस मला. मी काय करू?"

मी तिच्याशेजारी बसले. शेंगा फोडू लागले आणि संध्याकाळी परत आले.

लग्नाला मी आणि नात, दोघी गेलो. हळद लागत होती तेव्हा मांडवात सगळ्या बायका होत्या, ती आत्याबाईही होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की फोटो माझ्या बोटानं बिघडले, पोरीचा हात धड आहे. बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, काचेला हळद लावली तर अंगठीही घालायची होती. आत्याबाई हसता हसता डोळे पुसत होती. कोणी काही मनावर घेतलं असं मला दिसलं नाही.

नवरी तेवढी हसली नाही. पिवळ्या तोंडानं तिनं नातीला विचारलं, "ताई, कॅमेरा कुठंय? माझा एक काढ की."

"आणलाच नाय," नात म्हणाली. मग माझ्याकडं बघून हसली. "हात थरथरतो ना माझा."

सगळ्या पुन्हा हसल्या. हळदीची वाटी माझ्यापुढं आली तेव्हा नवरीला लावायला माझं बोट उठेना. मी ती तशीच पुढं सरकवली.