ठोकून बघणारे रोहिदासमामा

खाडीकाठच्या दिवाळे गावात रोहिदासमामांना नारळ विकायला कुणी राजी नसे. घ्यायचे दोन आणि ठोकून बघायचे पन्नास. कलिंगड, मडकं, शेजाऱ्याच्या नव्या भिंतीचं प्लास्टर, सगळीकडे त्यांच्या बोटांची टकटक चालायची. लोक हसायचे, पण हसणाऱ्यांनाही कारण ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी एका सुताराने होडीच्या कुजलेल्या फळीत राळ भरून वरून झकास रंग मारून दिला होता, आणि त्या होडीतून गेलेला मामांचा धाकटा भाऊ परत आला नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मामा तर पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

मामा स्वतः लाकडी होड्या बांधायचे. ते काम संपलं तसे ते तुर्भ्याच्या एका शेडमध्ये कामाला लागले. तिथे आशुतोष नावाचा चाळिशीचा इंजिनियर फायबरच्या शिडाच्या बोटी बनवायचा. मासेमारीसाठी नव्हे, हौसेसाठी. रविवारी चार जणांनी बसायचं, शीड सोडायचं आणि वाऱ्यावर फिरून घरी यायचं. "मासली नाय मारायची तं दर्यात जायाचा कशाला?" हा मामांचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता.

तो बोटीचा आकार कॉम्प्युटरवर काढायचा आणि मामा तो लाकडात उतरवायचे. त्या लाकडी आकारावरून साचा निघे. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिला रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, पाजायचं, त्यावर दुसरा थर, तिसरा थर, आणि सगळं वाळलं की बोट साच्यातून सुटून येई. मॅट अंथरायचं काम मामांची सून अमिता करायची. मुलगा भावेश जहाजावर, वर्षातले नऊ महिने बाहेर. म्हणजे घरातही हीच दोघं समोरासमोर आणि शेडमधल्या आठ माणसांतही हीच दोघं.

नव्या बावीस फुटी बोटीचा आकार करून दिला आणि मामा मलेरियाने तीन आठवडे आडवे झाले. परतले तेव्हा बोट साच्यातून निघाली होती. मामांनी सवयीप्रमाणे टकटक केली. तळ खणखणीत वाजला. पण पाण्याच्या वर राहणाऱ्या कडेच्या भिंतीवर आवाज बसका आला. मामांच्या मनात पाल चुकचुकली.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सुनेला हटकलं. "थर किती टाकलंस?"

"सांगितले तेवढे."

"आनि सांगितलेले किती?"

"मामा, रोजचाच झाला तुमचा," ती भात वाढत म्हणाली.

झालं! सरळ उत्तर नाही म्हणजे सरळ काम नाही. मॅट कुणीतरी बाहेर विकतंय, आणि ते हिला ठाऊक आहे. किंवा, देव करो नि तसं नसो, हीच विकतेय. मामांनी ताट बाजूला सारलं. गोष्ट बाहेर पडली तर सुनेचं काम जाईल आणि गावात घराला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. गप्प बसलं तर उद्या कुणाचा तरी भाऊ त्या बोटीतून जाईल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाली तसं मामांनी ड्रिल उचललं. कडेच्या रबरी पट्टीखाली, कुणाला दिसू नये अशा जागी, त्यांनी आरपार भोक पाडलं. टोकाला पिवळट, मऊ भुसा आला. थर्माकोलसारखं काहीतरी! मामांनी तो भुसा रुमालात बांधला, भोकात पुट्टीसारखी लांबी भरली आणि हात धुऊन मुकाट डबा खायला बसले. दोन दिवस त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सुनेवर मात्र बारीक नजर ठेवली. ती हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय.

तिसऱ्या दिवशी बोटीवर पाईपने पाण्याचा मारा करून पाहणी झाली. आतल्या बाजूने पाणी टपकलं. आशुतोषने पट्टी उचकटली आणि भोक सापडलं. शेडमधली आठही माणसं गोळा झाली.

"हे कुणी केलं?"

मामा तोंड उघडणार एवढ्यात अमिता म्हणाली, "सर, माझ्या हातून झालं. पट्टी बसवताना ड्रिल घसरला."

मामांच्या अंगाची लाही झाली. लहान गुन्हा कबूल करून मोठा लपवतेय! त्यांनी रुमाल सोडून आशुतोषच्या पुढ्यात धरला. "खोटं बोलते ही. भोक मी पाडलाय. बगा, आत काय भरलाय ते. मॅट खाल्ली हिनं. माझी सून हाय म्हनून झाकायचा नाय मला. चोर ती चोर!"

आशुतोषने चिमूटभर भुसा बोटांवर चोळला. तो हसला नाही. "रोहिदासमामा, हा फोम आहे. तुम्ही आजारी होतात तेव्हा मीच टाकायला सांगितला. बाहेर फायबर, आत फायबर, मध्ये फोम. बोट हलकी होते आणि भिंत ताठ राहते. अमिताने एक थरही कमी टाकलेला नाही."

मामांचा हात रुमालासकट तसाच राहिला. लाज वाटली, इतकी लाज की मान वर होईना. ते सुनेला म्हणाले, "मंग तू कशाला घेतलास आपल्या अंगावर?"

"त्या दुपारी मी डबा घ्यायला परत आलेले. तुमाला ड्रिल घेऊन बगितला," अमिता म्हणाली. "या वयात तुमाला कोन काम देनार दुसरीकडं? मला मिलंल." तिचा आवाज इथपर्यंत सरळ होता. "पन चोर म्हनालात, मामा. सगल्यांसमोर."

पाणी शिरलेला हातभर तुकडा कापून काढावा लागला. तिथे नवीन भिंत घालायची वेळ आली तेव्हा अमिताने मास्क चढवायच्या आधी एक स्टूल ओढून बोटीला लावलं.

"बसा हितं. मी थर टाकते, तुमी मोजा. मोठ्यानं मोजा. ज्यांनी चोर ऐकलाय त्यांना हे पन ऐकू दे."

कुणी जागेवरून हललं नाही. मामा स्टुलावर बसले. तिने मॅट अंथरली, रेझिन पाजलं, रोलरने हवा काढली.

"एक," मामा म्हणाले. मग "दोन." फोम बसला, त्यावर पुन्हा मॅट आली. "तीन" म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. "चार" तर ओठातच राहिला.

"ऐकू नाय आला," अमिता मान न वळवता म्हणाली.

"चार!" मामा उठून उभे राहिले आणि शेडभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चारच होते. पयल्यापासून चार होते. पोरीनं काय कमी केला नव्हता, मीच चुकलो."

अमिताने मास्कच्या आतून हुंकार भरला आणि रोलर पुढे चालवला.