मस्कतची म्हातारी

सिंधीपुऱ्यातली आमची शेजारीण दहावी नापास आहे. मस्कतला एका म्हाताऱ्या बाईंना सांभाळते आणि सुट्टीत घरी आली की सगळ्या गल्लीला "यल्ला, जल्दी चला!" म्हणून हाकत असते.

"तिथं डिग्री नाही मागत?" मी एकदा विचारलं.

"म्हातारीले भरवायले कायची डिग्री, भाऊ?" ती खळखळून हसली.

यंदाही ती सुट्टीवर आलीय. परवा मी गेलो तेव्हा मायलेकी जेवत होत्या. तेवढ्यात मस्कतहून व्हिडिओ कॉल आला. म्हातारी जेवतच नव्हती. हिनं फोन तांब्याला टेकवला आणि घास उचलून दाखवला. "अम्मा, मैं खाती, तू भी खा." तिकडं हळूच तोंड उघडलं.

तिची आई हे बघत होती. मग म्हणाली, "तिले सांग, दिवाळीपर्यंत तू माझी आहे."